नकाशाची शिदोरी

मित्रांनो, प्रवासाला निघताना आई शिदोरी बांधून देते. भाकरी, पिठलं, कांदा, लोणचं, सगळं एकाच फडक्यात. समजा, घाईघाईत भाकरी घरीच राहिली आणि पिशवीत नुसती लोणच्याची बरणी आली, तर? फजितीच की!

अगदी अशीच फजिती माझ्या भाचीची झाली. तिची शिदोरी मात्र खायची नव्हती, नकाशाची होती!

ती आठवीत आहे, छत्रपती संभाजीनगरला. हे शहर जुन्या पाण्याचं शहर आहे, बरं का. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० साली खडकी इथे राजधानी वसवली. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरानं डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात खेळवलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीवर पाण्याच्या जोरावर पीठ दळलं जायचं, ते अशाच नहरीच्या पाण्यावर. आता शहराची तहान पैठणच्या जायकवाडीवर भागते. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणं इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अनुभवलंय. म्हणून भाचीनं ठरवलं, शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या विहिरींचा नकाशा करायचा.

चार रविवार आम्ही मामा-भाची जुन्या शहरात फिरलो. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, दोरीला दगड बांधून खोली मोजायची, पाणी आहे की नाही ते लिहायचं. (विहिरीजवळ मोठं माणूस बरोबर हवंच, हं!) मग घरी संगणकावर क्यूजीआयएस नावाच्या प्रणालीत नकाशा तयार झाला. ही प्रणाली २००२ साली सुरू झाली. ती फुकट मिळते आणि जगभरचे लोक मिळून तिच्यात सुधारणा करतात.

संगणकावरचा नकाशा म्हणजे एक चित्र नसतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे त्यात थर असतात. एका थरात रस्ते, दुसऱ्यात खाम नदी, तिसऱ्यात विहिरी. प्रत्येक विहिरीच्या ठिपक्यामागे एक तक्ता असतो. त्यात नाव, खोली, पाणी, तारीख असं सगळं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी भाचीनं पेन ड्राइव्हवरची फाइल शाळेच्या संगणकावर उघडली, आणि काय! थरांची नावं दिसत होती, पण नकाशा कोरा. ना नदी, ना विहिरी.

“मामा, मी तर फाइल नीट सेव्ह केली होती!” घरी आल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली.

“अगं, फाइल आली, पण विहिरी घरीच राहिल्या!”

गंमत अशी, की प्रकल्पाच्या फाइलमध्ये माहिती नसतेच. असतो तो फक्त पत्ता! ‘विहिरींचा थर अमुक कप्प्यातून घे, त्याला निळा रंग दे,’ एवढंच तिथे लिहिलेलं असतं. शाळेच्या संगणकावर तो कप्पाच नव्हता, मग विहिरी येणार कुठून? पाककृतीचा कागद आला, पण पीठ-मीठ घरीच!

बरं, माहिती नेली तरी ती विखुरलेली असते. नकाशांसाठी ‘शेपफाइल’ नावाचा प्रकार १९९०च्या दशकापासून चालत आलाय. नाव एक, पण फाइली किमान तीन! एकीत आकार, दुसरीत तक्ता, तिसरीत आकारांची अनुक्रमणिका. शिवाय हा नकाशा पृथ्वीच्या गोलावर नेमका कसा बसवायचा, हे सांगणारी चौथी फाइल. ती हरवली तर विहीर भलत्याच ठिकाणी जाऊन बसू शकते. तक्त्याच्या रकान्याचं नाव दहा इंग्रजी अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. आणि अक्षरांची सांकेतिक पद्धत कळली नाही, तर आपल्या मराठी नावांची होतात प्रश्नचिन्हं!

यावर उपाय म्हणजे सगळं एका गाठोड्यात बांधायचं. २०१४ साली ‘जिओपॅकेज’ नावाची पद्धत जगभरासाठी प्रमाण म्हणून ठरली. यात एकाच फाइलमध्ये सगळे थर, सगळे तक्ते, पृथ्वीवर बसवण्याची खूण, सगळं मावतं, आणि मराठी नावंही शाबूत राहतात. क्यूजीआयएसमध्ये ‘पॅकेज लेयर्स’ हे साधन वापरलं, की थर आणि त्यांचे रंग एकत्र बांधले जातात. मग या नव्या फाइलमधले थर घेऊन नकाशा लावायचा आणि प्रकल्पही त्याच फाइलमध्ये ठेवायचा. झाली शिदोरी! आर्कजीआयएस या विकतच्या प्रणालीतही ‘मॅप पॅकेज’ नावाचं असंच गाठोडं बांधता येतं.

पण गाठोडं बांधण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, इंटरनेटवरून येणारा पार्श्वभूमीचा नकाशा गाठोड्यात येत नाही. इंटरनेट बंद करून पाहा, म्हणजे काय उरतं ते कळेल.

दुसरी, नावाबरोबर क्रमांकही ठेवा. २०११च्या जनगणनेत औरंगाबाद नावाचे दोन जिल्हे होते, एक आपला आणि एक बिहारमधला! त्यात आता आपल्या जिल्ह्याचं नाव बदललंय. नुसत्या नावावरून तक्ते जोडले तर जोडणी चुकते. पण २०११च्या जनगणनेतला आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५१५. तो क्रमांक दोन्ही तक्त्यांत असला, की गल्लत होत नाही.

तिसरी, एक चिठ्ठी जोडा. मोजमाप कुणी केलं, कधी, कशानं? मोबाइल मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर चुकतो, अरुंद बोळात आणखी जास्त. ते खरंखरं लिहा. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले असतील, तर त्यांचा उल्लेख करायलाच हवा. तशी अटच आहे.

चौथी गोष्ट आईबाबांसाठी. गाठोड्यात तक्ता अख्खा जातो, पडद्यावर न दिसणारे रकानेसुद्धा! भाचीच्या तक्त्यात विहिरीच्या मालकांचे फोन नंबर होते. ते आम्ही वेळीच काढले. दुसऱ्याची माहिती त्याला न विचारता वाटायची नाही.

आता राहिली गोष्ट शेवटच्या नुकसानीची. बहुतेक माहिती घरच्या संगणकावर सापडली. पण चौथ्या रविवारच्या सहा विहिरी भाचीनं ‘तात्पुरत्या’ थरात भरल्या होत्या. असा थर प्रणाली बंद होताच पुसला जातो. बंद करताना तशी सूचना आली होती, पण तिनं न वाचताच ‘हो’ म्हटलं! मोबाइलवरच्या नोंदीही तोवर पुसून टाकलेल्या.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. पाच विहिरी पुन्हा मोजल्या. सहाव्या विहिरीपाशी पोचलो, तर तिथे राडारोडा टाकून विहीर बुजवलेली! मधल्या दोन आठवड्यांत तिचं काम तमाम झालं होतं. भाची बराच वेळ तिथे उभी राहिली. खोली किती होती, हे तिलाही नक्की आठवेना, मलाही नाही. आता ती कुणालाच मोजता येणार नाही.

तिनं त्या जागी नकाशावर पोकळ ठिपका काढला. खोलीच्या रकान्यात लिहिलं, ‘मोजली होती, नोंद हरवली.’ अंदाजानं आकडा नाही घातला. मला तिचं हे फार आवडलं.

मग गाठोडं बांधलं, इंटरनेट बंद केलं आणि शेजारच्या दादाच्या संगणकावर उघडून पाहिलं. सगळ्या विहिरी जागच्या जागी! एक प्रत घरी, एक शाळेत, एक माझ्याकडे.

मित्रांनो, तुमच्याही गावात आड, बारव, जुनी झाडं असतीलच. या सुट्टीत घ्या वही आणि करा सुरुवात. आणि हो, निघण्यापूर्वी शिदोरीचं फडकं एकदा उघडून बघा. भाकरी आहे ना आत?