मढच्या किनाऱ्यावरील घरची शाळा

वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरून कोळीवाड्यात शिरले, की बांबूंच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत घातलेले बोंबील दिसतात. जेथे पुरुष समुद्रात डोल नावाचे जाळे लावतात आणि विक्री, हिशेब व रोकड स्त्रिया सांभाळतात, तेथे उद्योग आणि अपत्यसंगोपन हे निराळे महकमे कधीच नव्हते. डोल भरतीओहोटीच्या ओढीवर भरते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचे भांग, म्हणजे सौम्य भरती, मुलांना किनाराच शिकवतो. खगोलशास्त्राचा याहून उत्तम धडा मी पाहिलेला नाही!

मात्र घरीच शिकवू इच्छिणाऱ्यांनी कायदा अवश्य जाणावा. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात हातभार लावावा तो शाळेच्या वेळेनंतर अथवा सुटीत, आणि जोखमीच्या कामात मुळीच नाही. दहावीसाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवेश देते.

पावसाळ्यापूर्वी मुलांना घेऊन मढला जा, आणि उधाणाच्या व भांगाच्या दिवशी एकाच जागी उभे राहून पाण्याची रेषा त्यांना मोजू द्या.