ओआहू बेटावरील सुटी कशी आखावी?

नकाशावर नागपूरवर बोट ठेवावे आणि अक्षांशाची रेषा न सोडता ते पूर्वेकडे सरकवीत न्यावे. म्यानमार ओलांडून, हनोई शहराजवळून ते चीनच्या दक्षिण टोकाला स्पर्श करील आणि मग पॅसिफिक महासागरात शिरेल. त्यापुढे हजारो मैल निळ्या रंगाखेरीज काही लागत नाही. अखेर बोट ज्या ठिपक्यावर टेकते, तो हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटाचा. होनोलुलू शहर याच बेटावर आहे. दोन्ही शहरांवर सूर्य सारखाच तळपतो. तरी मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांपर्यंत भाजून निघते, तेव्हा होनोलुलूचा पारा तिसाच्या आसपास थबकतो. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, आणि ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे किनाऱ्यावर सतत पंखा धरून असतात, म्हणून हे घडते.

अशा बेटावर सुटीसाठी जावयाचे आणि तेथे लाटेवर फळी टाकून स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, खेळ शिकावयाचा, तर बेत कसा आखावा, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तिकिटाची आणि खोलीची चौकशी सगळेच करतात. लाटेची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. आणि गफलत झाली तर ती तेथेच महागात पडते.

हा खेळ मूळचा हवाईसारख्या पॅसिफिक बेटांवरील लोकांचा. हवाई भाषेत त्याला ‘हेए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरणे, असे नाव आहे. कॅप्टन कुकची जहाजे १७७८ साली प्रथम या बेटांस लागली. पुढच्याच वर्षी कुक तेथे मारला गेला, आणि त्याचा सहकारी जेम्स किंग याने फळीवर आडवे पडून लाटांशी खेळणाऱ्या लोकांचे वर्णन लिहून ठेवले. राजेरजवाड्यांच्या लांब फळ्या विलीविली नावाच्या हलक्या लाकडाच्या असत. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले आहे, हे वाचून आम्हांस मौज वाटली. पुढे परक्यांबरोबर आलेल्या रोगांनी बेटावरील माणसे भराभर कमी झाली, मिशनऱ्यांच्या काळात जुने खेळ मागे पडले, १८९३ साली राणीचे राज्यही गेले. एवढ्यातून जो खेळ तगला, तो पुढे जगभर नेण्यात ड्यूक काहानामोकू याचा मोठा वाटा आहे. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्याने मिळविले. परंतु आमच्या मते त्याचा खरा पराक्रम १९२५ सालचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक नौका उलटली असता त्याने आपल्या फळीवरून पुन्हा पुन्हा खवळलेल्या पाण्यात जाऊन आठ जणांचे प्राण वाचविले.

आता लाटेकडे वळू. समुद्रावर दिसणारी लाट म्हणजे पुढे धावणारे पाणी, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. पाणी जागच्या जागी वर्तुळात फिरते. पुढे जाते ती शक्ती. शेताला वारा लागला म्हणजे पिकावरून लाट धावते, पण ताटे बांध सोडून जात नाहीत, तसेच हे. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये अल्यूशन बेटांच्या बाजूला मोठी वादळे होतात. त्यांनी उठविलेल्या लांब लाटांची शक्ती ताशी सुमारे चाळीस किलोमीटरच्या वेगाने दक्षिणेकडे निघते आणि तीन-चार दिवसांत ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आदळते. आपल्या उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिकडच्या वादळांच्या लाटा न्यूझीलंडच्या बाजूने आठवडाभर प्रवास करून बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात. ही कल्पना नव्हे. १९६३ साली वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी उपकरणे मांडून अशा लाटांचा सगळा प्रवास मोजून दाखविला आहे.

लाट फुटते ती मात्र तळामुळे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा पाय अडतो, माथा पुढे जातो, आणि ती कोसळते. तळ हळूहळू उथळ होत आला असेल, तर लाट दूरवरूनच सावकाश ढासळत येते. होनोलुलूजवळच्या वाइकिकी किनाऱ्यावर असेच होते, म्हणून नवशिक्यांची शाळा तेथे भरते. उत्तर किनाऱ्यावर पाइपलाइन नावाच्या ठिकाणी खोल पाण्यातून आलेली लाट एकाएकी उथळ खडकावर चढते आणि नळीसारखी वळून कोसळते. तिच्याखाली सापडलेल्याच्या पायाखाली वाळू नसते, धारदार खडक असतो. पाण्याचा रंग दोन्हीकडे तोच, ऊन तेच. चित्रात दोन्ही सारखीच सुंदर दिसतात.

यावरून बेताचे पहिले सूत्र मिळते. आपल्या शाळांना मोठ्या सुट्या दोन, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. शिकावयाचे असेल त्याने उन्हाळ्याची निवडावी. मे महिन्यात उत्तरेकडील समुद्र निवलेला असतो आणि दक्षिणेकडे बेताच्या लाटा सुरू झालेल्या असतात. दिवाळीनंतर उत्तर किनारा जागा होऊ लागतो. तो पाहण्यासाठी आहे, शिकण्यासाठी नव्हे. गोवा-कोकणातील वाचकांस हे नवल वाटू नये. आपला समुद्र पावसाळ्यात कोणास जवळ करीत नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडतात. तेथले वेळापत्रक वेगळे, इतकेच.

तयारी मात्र घरीच, चार-सहा महिने आधी सुरू झाली पाहिजे, आणि ती म्हणजे पोहणे. इंदूर किंवा हैदराबादच्या तलावात उत्तम पोहणाऱ्या मुलालाही लाटेतून पाण्याखाली ढकलले जाण्याची सवय नसते. दम धरून पाण्याखाली शांत राहता येणे हे हात मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. वाइकिकीला शिक्षक मिळतात. पहिले दोन-तीन धडे त्यांच्याकडेच घ्यावेत. सुरुवातीची फळी लांब व मऊ, सुमारे पावणेतीन मीटरची असावी. ती पायाला दोरीने बांधलेली असते, कारण सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसते. लाटेच्या फुटत्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची, हा तेथला शिष्टाचार. तो न पाळणारा पाहुणा कोणास आवडत नाही, आणि अपघातही त्यामुळेच पुष्कळ होतात.

किनाऱ्यावर आलेले पाणी कोठून तरी परत जावयास हवे. कधी ते अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढ घेते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडत पोहू नये. त्यात माणूस थकतो आणि बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे. हे वाक्य आमच्या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी राहावे.

आणखी एक गोष्ट पंचांगाशी संबंधित आहे. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमारास, वाइकिकीच्या पाण्यात पेटीच्या आकाराचे विषारी जेलीफिश येतात. त्यांचा दंश भयंकर जळजळतो. तेव्हा मुहूर्त न पाहणाऱ्यांनीही येथे तिथी पाहून धडे ठरवावेत!

उन्हाविषयी थोडे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास होनोलुलूत, नागपूरप्रमाणेच, मध्याह्नीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ भाजून निघालेली असते. लांब बाह्यांचा अंगरखा घालूनच पाण्यात उतरावे. अंगाला लावण्याचे मलम नेण्यापूर्वी त्यावरील घटक वाचावेत; ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही दोन द्रव्ये प्रवाळाला घातक म्हणून, ती असलेल्या मलमांची तेथील सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

बाकीचे थोडक्यात. हवाई हे १९५९ पासून अमेरिकेचे राज्य आहे, म्हणून अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या खटपटीस सर्वांत आधी लागावे. घड्याळ आपल्यामागे साडेपंधरा तास. सोमवारी निघालेला मनुष्य पुष्कळदा सोमवारीच पोहोचतो. आंबे, रोपे, बियाणे बरोबर नेऊ नयेत. बाहेरून आलेल्या जिवांविषयी ते लोक फार सावध आहेत, आणि त्याला कारणही आपल्याकडचेच आहे. उसातील उंदीर मारण्यासाठी १८८३ साली तेथे जमैकातून मुंगसे आणली. ती मूळची कलकत्त्याहून तिकडे गेलेली. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. उंदीर राहिले, पक्ष्यांची अंडी मात्र गेली.

एक दिवस राखून उत्तर किनाऱ्यावरील वाइमेआ उपसागर पाहून यावा. एडी आयकाऊ हा तेथला नामांकित जीवरक्षक. १९७८ साली ‘होकुलेआ’ ही जुन्या पद्धतीची नौका वादळी समुद्रात उलटली, तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणावयास तो एकटा फळीवरून निघाला. सोबती वाचले, तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या नावाची स्पर्धा प्रचंड लाटा आल्या तरच भरते. कित्येक हिवाळे ती भरतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती भरली होती. मे महिन्यात जाणाऱ्यास मात्र त्याच जागी तळ्यासारखे निवांत पाणी आणि त्यात डुंबणारी मुले दिसतील.