संकटकाळातील संदेशवहन : अँटेनाची सुरक्षित अदलाबदल

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याला भूकंपाचा भीषण धक्का बसला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची अनेक गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली. कोणत्या गावात किती हानी झाली, कोठे औषधे हवीत, कोठे तंबू हवेत, ही माहिती मदत पाठवणाऱ्यांपर्यंत पोचवणे हे त्या दिवसांतील अत्यंत निकडीचे काम होते. खेड्यांतील दूरध्वनीची साधने तेव्हा तुटपुंजी होती. अशा वेळी देशातील हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि त्यांनी बिनतारी संदेशवहनाचा भार उचलला. पुढे १९९९ मधील ओडिशाचे चक्रीवादळ, २००१ मधील भूजचा भूकंप आणि २००४ मधील त्सुनामी या आपत्तींतही हौशी रेडिओचा उपयोग झाला.

आज खेडोपाडी भ्रमणध्वनी पोचला आहे. तथापि मनोरे कोसळले, वीज गेली किंवा जाळ्यावर एकाच वेळी अतोनात ताण आला, तर तोही मुका होतो. बॅटरीवर चालणारे छोटे बिनतारी केंद्र मात्र मधल्या कोणत्याही यंत्रणेवाचून शेकडो किलोमीटरवरील दुसऱ्या केंद्राशी बोलू शकते. म्हणूनच शाळा, महाविद्यालये व स्थानिक संस्था यांनी या छंदाकडे गांभीर्याने पाहणे इष्ट ठरते. केंद्र उभारणाऱ्यांचे लक्ष सहसा यंत्राच्या किमतीकडे व अँटेनाच्या उंचीकडे असते. बोलणे आणि ऐकणे यांतील अदलाबदल करणारी यंत्रणा दुर्लक्षित राहते. केंद्र टिकणार की निकामी होणार, हे पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असते.

एक दार, दोन वाटा

प्रत्येक केंद्रात दोन मुख्य भाग असतात. संदेश धाडणारा तो प्रेषक आणि संदेश टिपणारा तो ग्राही. साधारणतः दोघांना मिळून एकच अँटेना असते. बोलताना ती प्रेषकाला जोडायची आणि ऐकताना ग्राहीला, असा हा व्यवहार आहे.

या दोघांच्या शक्तीतील अंतर सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचे आहे. दूरच्या केंद्राचा संदेश अगदी ठणठणीत ऐकू येतो, तेव्हा ग्राहीच्या दाराशी येणारा विद्युतदाब सुमारे ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाच्या दहा लाखांश भागाच्या पन्नास पट असतो. ५० वॅटचा प्रेषक चालू झाला, की ५० ओहम रोधाच्या त्याच केबलवर ५० व्होल्ट दाब उभा राहतो. दाबातील हे अंतर दहा लाख पटींचे आणि शक्तीतील अंतर एक लाख कोटी पटींचे होय. कुजबुज ऐकण्यासाठी लावलेल्या कानाशी तोफ डागावी, तसा हा प्रकार आहे. अनेक ग्राही यंत्रांचे प्रवेशद्वार जेमतेम काही मिलिवॅट शक्ती सोसू शकते.

अशा आघाताने ग्राही नेहमीच धूर सोडून बंद पडतो असे नाही. पुष्कळदा त्याचा पहिला नाजूक ट्रान्झिस्टर तेवढा दुबळा होतो. दिवे लागतात, खरखर ऐकू येते, जवळचे केंद्रही ऐकू येते. दूरचा क्षीण आवाज मात्र हरवतो. चालकाला वाटते, की पलीकडे कोणी नाही. प्रत्यक्षात पलीकडचा माणूस उत्तर देत असतो आणि आपले केंद्र बहिरे झालेले असते. आपत्तीच्या वेळी बंद पडलेल्या केंद्राइतकेच हे बहिरे केंद्रही घातक ठरते, कारण त्याचा दोष कोणाच्या ध्यानी येत नाही.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत प्रेषक व ग्राही एकाच पेटीत असतात आणि अदलाबदलीची सोय आतच केलेली असते. परंतु संगणकाला जोडायचा वेगळा ग्राही घेतला, शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर जोडला किंवा ऐकण्यासाठी निराळी अँटेना उभारली, की ही जबाबदारी केंद्र उभारणाऱ्यावर येते.

वेगळी अँटेना म्हणजे सुरक्षितता नव्हे

ऐकण्यासाठी वेगळी अँटेना घेण्यामागे सबळ कारण असते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलण्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार दोन खांबांवर ताणावी लागते. ही तार दूरचे संदेश टिपते, तसाच गावातील विजेच्या तारा, पंपांचे स्टार्टर आणि एलईडी दिवे यांचा गोंगाटही टिपते. जमिनीलगत, गोंगाटापासून दूर बसवलेले तारेचे लहान वेटोळे कमी संदेशशक्ती पकडते, पण त्याहूनही कमी गोंगाट पकडते. त्यामुळे बोलणे अधिक स्पष्ट कळते.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव असतो. दोन अँटेना वेगळ्या असल्या, म्हणजे ग्राही आपोआप सुरक्षित झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः एकाच आवारातील दुसरी अँटेना प्रेषकाच्या लहरी मोठ्या प्रमाणावर पकडते आणि केबलवाटे थेट ग्राहीपर्यंत आणते. म्हणून वेगळी अँटेना असली, तरी बोलण्याच्या काळात तिची वाट तोडणे व ग्राहीचे प्रवेशद्वार अर्थिंगला जोडून ठेवणे आवश्यक असते.

गतीपेक्षा क्रम महत्त्वाचा

अदलाबदलीचे काम बहुधा रिले करते. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली, की लोखंडाची पट्टी ओढली जाते आणि जोड बदलतो. या हालचालीला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. शिवाय जोड बसताना क्षणभर थरथरतो, म्हणजे चिकटतो, सुटतो आणि पुन्हा चिकटतो. या अवधीत प्रेषकाची शक्ती वाहू लागली, तर तीन प्रकारे हानी होते. रिलेच्या टोकांत ठिणगी पडून ती जळतात. अँटेना न जोडलेल्या प्रेषकावर स्वतःचीच शक्ती उलटते. आणि पूर्णपणे न सुटलेल्या जोडातून ती ग्राहीत घुसते.

यावरील उपाय म्हणजे ठरावीक क्रम. माइकचे बटण दाबल्यावर प्रथम ग्राही अँटेनापासून तुटून अर्थिंगला जोडला जावा. नंतर अँटेना प्रेषकाकडे जावी. मग थोडे थांबून अखेरीस प्रेषकाने शक्ती सोडावी. बटण सोडल्यावर हाच क्रम उलटा चालावा. प्रेषकाची शक्ती सर्वांत आधी थांबावी, मग अँटेना सुटावी आणि ग्राही सर्वांत शेवटी जोडला जावा. रिलेला २० मिलिसेकंद लागत असतील, तर ५० मिलिसेकंदांचा विराम ठेवणे शहाणपणाचे ठरते. तो बोलणाऱ्याला जाणवतही नाही. मात्र बटण दाबताक्षणी बोलू नये, क्षणभर थांबून पहिला शब्द उच्चारावा, अशी सवय चालकाने लावून घ्यावी. म्हणजे संदेशाचा आरंभ तुटत नाही.

हा क्रम माणसाच्या स्मरणावर सोपवू नये. थकलेला, घाबरलेला किंवा नवखा चालक चुकणारच, असे गृहीत धरून यंत्रणा बांधावी. त्यासाठी रिलेच्याच एका जादा जोडातून प्रेषकाच्या चालू होण्याची आज्ञा न्यावी. पट्टी प्रत्यक्ष जागेवर पोचल्याखेरीज ही वाट पूर्ण होत नाही आणि तोवर प्रेषक मुकाच राहतो.

वीज गेली तर?

आपत्तीच्या वेळी बॅटरी उतरणे किंवा तार निसटणे हे नेहमीचेच. म्हणून रिलेची वीज गेल्यावर जोड कोणत्या बाजूला पडतो, हा प्रश्न आधी विचारावा. वीज नसताना अँटेना प्रेषकाकडे व ग्राहीचे दार अर्थिंगकडे, आणि वीज दिल्यावरच ग्राही अँटेनाला जोडलेला, अशी रचना सर्वांत निर्धोक असते. यात बिघाड झाला, तर फार तर ऐकू येणे बंद होते आणि ते लगेच ध्यानात येते. यंत्र मात्र वाचते.

या रचनेला थोडी किंमत मोजावी लागते. ऐकण्याच्या सर्व काळात रिलेला वीज द्यावी लागते. ५० मिलिअँपिअर घेणारी रिले दिवसभरात १.२ अँपिअर-तास खर्च करते. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तो तीन टक्के भाग होय. एका ग्राहीच्या किमतीपुढे हा खर्च अल्प आहे.

सुटलेल्या जोडातील गळती

रिलेचा जोड सुटला, म्हणजे वाट पूर्ण बंद झाली, हेही खरे नाही. सुटलेल्या दोन टोकांत अल्पशी धारकता उरते आणि उच्च वारंवारतेची वीज तीतून पाझरते. ही धारकता एक पिकोफॅरड आहे असे समजू. ५० वॅटच्या प्रेषकाचे ५० व्होल्ट ७ मेगाहर्ट्झवर असतील, तर ५० ओहमच्या ग्राहीवर सुमारे ०.१ व्होल्ट येतात. हेच १४४ मेगाहर्ट्झवर केले, तर दोन व्होल्टांहून अधिक येतात. सुमारे शंभर मिलिवॅटची ही शक्ती नाजूक ग्राहीला पुरती घातक ठरू शकते. तात्पर्य, एका पट्ट्यावर निर्धास्त चाललेली रिले दुसऱ्या पट्ट्यावर धोक्याची असू शकते. एका रिलेऐवजी दोन रिले वापरून दुसरीने ग्राहीचे दार अर्थिंगला जोडले, की ही गळती जमिनीत जाते.

ग्राहीच्या दाराशी एकमेकांस उलट जोडलेले दोन डायोड बसवण्याचीही प्रथा आहे. अर्ध्या-पाऊण व्होल्टाच्या वर दाब चढला, की ते तो जमिनीकडे वळवतात. परंतु जवळच्या शक्तिशाली रेडिओ केंद्राच्या लहरींमुळे याच डायोडांत भलतेच संदेश निर्माण होऊ शकतात, आणि मोठ्या आघातात ते स्वतःच जळतात. त्यांना अखेरचा पहारेकरी मानावे, एकमेव नव्हे.

तेरखेड्यासारख्या गावी

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे सोलापूर–धुळे महामार्गावरील गाव. किल्लारी-सास्तूरचा भूकंपग्रस्त पट्टा येथून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाकडे आहे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बेताच्या उंचीची अँटेना लावली, तर लहरी वर जाऊन वातावरणाच्या उच्च थरांतून परततात आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरचा परिसर आवाक्यात येतो. अशा गावातील शाळेत केंद्र उभारले, तर संपूर्ण जिल्हा त्याच्या टप्प्यात येऊ शकतो.

तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. स्फोटांच्या दुर्घटनाही या गावाने पाहिल्या आहेत. कोणती वस्तू केव्हा आणि कोणाच्या आधी हाताळायची, हा क्रम चुकला तर काय होते, हे दारूकाम करणाऱ्यांना शिकवावे लागत नाही. बिनतारी केंद्राची सुरक्षितता त्याच तत्त्वावर उभी असते. शिवाय अशा गावी आणखी एक पथ्य पाळावे लागते. बोलताना अँटेनाच्या टोकांशी उच्च दाब असतो, तेथे ठिणगी पडू शकते आणि स्पर्श झाल्यास कातडी भाजते. म्हणून अँटेना दारूकामाच्या शेडांपासून व साठ्यापासून दूर असावी आणि माणसांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर असावी. विहिरीच्या कामात विजेच्या टोपीने सुरुंग उडवताना तिच्या तारा स्वतःच अँटेनाप्रमाणे लहरी पकडू शकतात. जवळपास असे काम असेल, तर प्रेषक बंद ठेवावा.

वळवाच्या पावसाआधी मराठवाड्यात विजा कडाडतात. ढग दाटले, की अँटेनाची केबल यंत्रातून काढून घराबाहेरच अर्थिंगला जोडावी. रिले किंवा डायोड आकाशातील विजेपासून रक्षण करू शकत नाहीत.

परवाना आणि परीक्षण

हौशी केंद्र चालवण्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १९७८ साली या सेवेसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. शालेय वयाच्या मुलांनाही ही परीक्षा देता येते. व्यापारी संदेशांना या सेवेत स्थान नाही.

केंद्र सुरू करण्यापूर्वी, आणि नंतरही ठरावीक मुदतीने, पुढील तपासणी करावी. ग्राही बाजूला काढून ठेवावा. अँटेनाऐवजी ५० ओहमचा कृत्रिम भार जोडावा. ५ वॅटसारख्या अल्प शक्तीवर प्रेषक चालवून ग्राहीच्या केबलच्या टोकाशी येणारा दाब उच्च वारंवारतेच्या मापकाने मोजावा. तो नगण्य असेल, तरच टप्प्याटप्प्याने शक्ती वाढवावी. नंतर रिलेची वीज मुद्दाम तोडून ग्राहीची वाट जमिनीला जोडली गेली की नाही, ते पाहावे. रिले ऐकण्याच्या स्थितीत धरून ठेवल्यास प्रेषक चालू होता कामा नये. हे सर्व जमल्यावरच ग्राही जोडावा आणि एखाद्या नेहमीच्या दूरच्या केंद्राचा आवाज किती स्पष्ट येतो, याची वहीत नोंद ठेवावी. पुढे तो क्षीण वाटू लागला, तर केंद्र बहिरे होऊ लागल्याची ती पहिली खूण समजावी.

विज्ञानाच्या शिक्षकाला आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून ही तपासणी सहज करून घेता येईल. विद्युतचुंबक, धारकता आणि रोध हे पाठ्यपुस्तकातील विषय त्यांना येथे प्रत्यक्ष काम करताना दिसतील. ग्रामपंचायतीने यंत्राच्या खर्चाबरोबर दोन रिले, अर्थिंगची पट्टी आणि तपासणीची वही यांची तरतूद केली, तर उभारलेले केंद्र संकटाच्या पहिल्या तासात बोलेल आणि पलीकडून आलेली हाकही ऐकू शकेल.