खेळांची विक्री आणि ग्राहकाचा विश्वास

व्हिडिओ गेमचे यंत्र विकत घेतले म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे होत नाही. यंत्र एकदाच घ्यावयाचे असते. परंतु त्यावर खेळता येतील असे नवे खेळ पुढेही मिळत राहतील, या भरवशावरच ग्राहक पैसे मोजत असतो. हा भरवसा कसा निर्माण होतो आणि कसा नाहीसा होतो, हे निंटेंडो व सेगा या दोन जपानी कंपन्यांच्या स्पर्धेवरून स्पष्ट होते.

१९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली. दुकानांत हलक्या प्रतीच्या खेळांचा सुळसुळाट झाला होता आणि त्यांतून चांगला खेळ निवडणे ग्राहकाला अवघड झाले होते. १९८५ साली या बाजारात उतरताना निंटेंडोने हा धडा ध्यानात ठेवला. कंपनीची संमती नसलेले खेळ चालू नयेत, म्हणून यंत्रात कुलपाचे काम करणारी एक चिप बसविण्यात आली. अन्य प्रकाशकांना वर्षाकाठी साधारणतः पाचच खेळ काढण्याची मुभा होती. खेळताना कोठे अडल्यास दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणारे सल्लागार नेमले गेले आणि १९८८ पासून खेळाडूंसाठी एक नियतकालिकही निघू लागले. ही शिस्त प्रकाशकांना जाचक वाटे. ग्राहक मात्र निर्धास्त झाला.

सेगाने निराळा मार्ग धरला. १९८९ साली तिचे ‘जेनेसिस’ हे यंत्र अमेरिकेत आले. जाहिरातींत तिने प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन त्याची उघड थट्टा केली. अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के यांनी १९९१ साली यंत्राची किंमत उतरविली आणि ‘सॉनिक’ हा नवा खेळ त्यासोबतच देण्यास प्रारंभ केला. पाहता पाहता सेगा निंटेंडोच्या बरोबरीस येऊन बसली.

तथापि, जिंकलेला ग्राहक राखणे तिला साधले नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिने अमेरिकेत जेनेसिसला जोडावयाचे ‘३२एक्स’ हे उपकरण आणले आणि त्याच महिन्यात जपानमध्ये ‘सॅटर्न’ हे संपूर्ण नवे यंत्र विक्रीस काढले. साहजिकच खेळ तयार करणारे नव्या यंत्राकडे वळले आणि जोडउपकरण घेणारे मोजक्या खेळांवर अडकून पडले. पुढे ११ मे १९९५ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या सुमारे चार महिने आधी, सॅटर्न अमेरिकेतील निवडक दुकानांत अचानक दाखल झाले. प्रकाशकांचे खेळ तयार नव्हते. वगळलेले दुकानदार दुखावले. सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर होती. त्याच दिवशी सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर जाहीर केली.

निंटेंडोलाही आपल्या ताठरपणाचे मोल द्यावे लागले. १९९६ च्या यंत्रातही तिने महागडे कार्ट्रिजच कायम ठेवले. परिणामी स्क्वेअरसारखा जुना सहकारी सोनीकडे गेला. परंतु तिच्या स्वतःच्या खेळांवरील ग्राहकांचा विश्वास टिकून राहिला आणि त्या बळावर ती या धंद्यात उभी राहिली.

सेगाने मार्च २००१ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ या आपल्या अखेरच्या घरगुती यंत्राचे उत्पादन थांबविले. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिक निंटेंडोच्या यंत्रांवर धावू लागला. जाहिरात ग्राहकाला दुकानापर्यंत आणते. तो पुन्हा त्याच दुकानात येईल की नाही, हे मात्र विक्रीनंतर त्याची किती काळजी वाहिली गेली, यावर ठरते.