पिल्लू घेताना डोळे उघडे ठेवा

परळ, लालबाग, दादरच्या बाजारात कधीकधी टोपलीत गुलाबी, हिरवी पिल्ले दिसतात. मुले हट्ट धरतात. 'मोठी झाली की अंडी देतील,' असे विकणारा सांगतो. चार पिल्ले घरी येतात. दोन मरतात आणि उरलेली दोन मोठी होऊन पहाटे अख्खी चाळ जागी करतात. कारण ते कोंबडे असतात!

यात नवल नाही. अंड्यांच्या जातीत उबवणी केंद्राला फक्त माद्या हव्या असतात. नर अंडी देत नाही, मांसही फारसे धरत नाही. त्यामुळे वेगळे काढलेले नरच बहुधा रंगवून स्वस्तात विकले जातात. नवी पिसे आली की रंगही जातो.

चाळीत ही हौस चार पैशांत फिटते. पण निवृत्तीचे पैसे घेऊन गावी कोंबड्या पाळायला निघालेल्याने फसू नये. 2019 साली सांगली भागात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाल्याचे प्रकरण गाजले. मध्य प्रदेशातील झाबुआची ही जात खरी असेल, तर तिची कातडी, पाय, चोच, तुरा सारे काळसर असते. नुसती काळी पिसे म्हणजे कडकनाथ नव्हे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज या परसातल्या सुधारित जाती. त्यांची पिल्ले नुसत्या रंगावरून ओळखू जाऊ नये. ती शासकीय किंवा खात्रीच्या केंद्रातूनच, पावती घेऊन आणावीत.

आता नर-मादी. एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार तपासण्याची पद्धत जपानी तज्ज्ञांनी रूढ केली. तो सरावलेल्या हातांचा खेळ आहे. आपण दाबून पाहिले तर पिल्लू दगावेल. काही खास संकरांत पंखांच्या पिसांवरून नर-मादी कळते, पण सर्व जातींत नाही.

घरी थोडा धीर धरावा. पाच-सहा आठवड्यांनी नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. तलंगेचा तुरा लहान आणि फिकट राहतो. असील जातीत मात्र तुराच लहान असतो, तिथे घाई नको. तीन महिन्यांच्या सुमारास नराच्या मानेवर व कमरेवर टोकदार, चमकदार पिसे येतात. मादीची पिसे गोलसर असतात. ही खूण अधिक भरवशाची.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, ही समजूत खोटी आहे. कोंबड्यांत पिल्लू नर की मादी, हे आईच्या बीजावर ठरते. माणसात उलट आहे, मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. तरीही मुलगी झाली म्हणून आपल्याकडे सुनेलाच बोल लावतात. माता-भगिनींनो, पुढच्या वेळी कुणी असे बोलले, तर हे शास्त्र त्याला जरूर ऐकवा!