रेडिओवर सोडलेले ब्रह्मास्त्र
लेखमाला : वेदी आणि मतपेटी – लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण सॅन फ्रान्सिस्कोत होतो. मे 2022 मध्ये तिथल्या आर्चबिशप कॉर्डिलिओनी यांनी नॅन्सी पेलोसी यांना ख्रिस्तप्रसाद नाकारला, कारण गर्भपाताच्या हक्काला त्यांचा उघड पाठिंबा होता. वाद जगभर गाजला. पण तो राजकारण्यापुरता होता. पेलोसींना मत देणाऱ्या लाखो कॅथलिकांचे काय, हा प्रश्न तिथे कोणी फारसा ताणला नाही. ज्या देशात तो पुरता ताणून पाहिला गेला, आणि शेवटी तुटला, तो देश म्हणजे नेदरलँड्स. गंमत अशी की तो ताणला गेला गर्भपातावरून नव्हे, तर कामगार संघटना आणि रेडिओ यांच्यावरून.

हॉलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रॉटेस्टंट देश येतो. पण 1960 च्या सुमारास तिथे लोकसंख्येच्या चाळीस टक्के कॅथलिक होते, आणि दक्षिणेकडच्या ब्राबान्त व लिम्बुर्ख या प्रांतांत तर जवळजवळ सगळेच. कित्येक पिढ्या दुय्यम नागरिकांसारखी वागणूक मिळालेला हा समाज 1853 मध्ये पुन्हा बिशप नेमले गेल्यावर हळूहळू उभा राहिला आणि त्याने आपल्याभोवती एक पूर्ण जग बांधले. कॅथलिक शाळा, कॅथलिक दैनिके, 1923 पासून नायमेखेनचे कॅथलिक विद्यापीठ, 1925 पासून केआरओ हे कॅथलिक रेडिओ केंद्र, कॅथलिक कामगार संघटना, कॅथलिक शेतकरी संघ. कॅथलिक शेळीपालक संघही होता, असे डच लोक आजही हसत हसत सांगतात. समाजवाद्यांचे आणि प्रॉटेस्टंटांचे असेच वेगळे जग. जन्मापासून दफनापर्यंत माणसाने आपापल्या जगातच राहावे, ही रीत. मतदानही त्यातच आले.

त्या मतदानाची सूत्रे अनेकदा धर्मगुरूंच्याच हाती असत. हेर्मान स्खापमान हे 1880 मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आलेले पहिले कॅथलिक धर्मगुरू. त्यांच्यानंतरचे विलेम नोलेन्स याहून वजनदार. 1918 मध्ये त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला. पंतप्रधानपद त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते. पण प्रॉटेस्टंट परंपरेच्या या देशात झगा घातलेला पंतप्रधान कोणाच्या पचनी पडला नसता, हे ओळखून त्यांनी दुसऱ्या कॅथलिकाला, राउस दे बेरनब्राउक यांना, पुढे केले. मागे राहून चाली मात्र त्याच ठरवत. समाजवाद्यांशी हातमिळवणी केवळ ‘अगदीच नाइलाज झाला तर’ करायची, हा दंडक त्यांचाच. तो 1939 पर्यंत टिकला. आजच्या चर्चच्या कायद्यात धर्मगुरूने सत्तेचे पद घेणे निषिद्ध आहे; नोलेन्स यांच्या काळी ते चालत असे, आणि चांगलेच चालत असे.

आता त्या ब्रह्मास्त्राकडे येऊ. ते म्हणजे संस्कार नाकारणे. ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदन ऐकून क्षमा नाही, आणि पश्चात्ताप न करता मेलास तर चर्चमध्ये अंत्यविधीही नाही. श्रद्धाळू माणसाला, विशेषतः गावात, याहून मोठी शिक्षा नव्हती. शेजारीपाजारी बघत असताना वेदीपुढून रिकाम्या तोंडाने परत यायचे, ही कल्पनाच पुरेशी होती.

हे अस्त्र एकदा अगदी योग्य जागी लागले होते. 1935 च्या प्रांतिक निवडणुकीत एनएसबी या डच नाझी पक्षाला जवळजवळ आठ टक्के मते मिळाली; कॅथलिक लिम्बुर्खमध्ये त्याहूनही जास्त. 1936 मध्ये बिशपांनी जाहीर केले, की या पक्षाला भरीव मदत करणाऱ्याला संस्कार मिळणार नाहीत. पुढच्याच वर्षी पक्षाची मते निम्म्यावर आली. सारे श्रेय बिशपांना देता येणार नाही. जर्मनीतल्या बातम्याही लोक वाचत होते. पण चर्चने भूमिका घेतली आणि ती युद्धातही सोडली नाही. कॅथलिक दैनिकांनी एनएसबीच्या जाहिराती छापू नयेत, असे सांगत संपादकांच्या कचेऱ्या पालथ्या घालणारे कार्मेलाइट धर्मगुरू टिटुस ब्रान्डस्मा यांना जानेवारी 1942 मध्ये पकडण्यात आले. जुलैत ते डाखाउच्या छळछावणीत मारले गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2022 मध्ये त्यांना संतपद दिले.

युद्धानंतर बिशपांना वाटले, हे अस्त्र कोणावरही चालेल. मे 1954 मध्ये त्यांनी एक लांबलचक परिपत्रक काढले : आजच्या सार्वजनिक जीवनात कॅथलिकाने कसे वागावे. एनव्हीव्ही या समाजवादी कामगार संघटनेचे सभासद व्हायचे नाही, समाजवाद्यांच्या सभांना जायचे नाही, त्यांची पत्रे नियमित वाचायची नाहीत आणि त्यांचे वारा हे रेडिओ केंद्र ऐकायचे नाही. आदेश मोडणाऱ्यापुढे संस्कार नाकारले जाण्याची टांगती तलवार. समाजवाद्यांच्या मजूर पक्षाचे सभासदत्व मात्र थेट दंडनीय ठरवले नाही. फक्त त्यापासून दूर राहण्याचा कडक उपदेश केला.

ही शेवटची पळवाट का ठेवली, ते सरकारकडे पाहिले की कळते. त्या वेळी देशाचे पंतप्रधान होते मजूर पक्षाचे विलेम द्रेस, आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात कॅथलिक पक्षाचे, म्हणजे केव्हीपीचे, मंत्री मांडीला मांडी लावून बसत होते. कॅथलिक मंत्र्याने समाजवाद्यांबरोबर राज्य करायचे, आणि कॅथलिक गिरणी कामगार समाजवाद्यांच्या संघटनेत गेला तर त्याला ख्रिस्तप्रसाद नाही! हा दुटप्पीपणा शाळकरी पोरालाही दिसत होता.

रेडिओचे तर विचारूच नका. 1952 पासून वारावर ‘दे फामिली दोर्स्ने’ नावाची कौटुंबिक विनोदी मालिका लागत असे. लेखिका आनी स्खमिड्ट, ज्यांच्या बालकविता तिथल्या प्रत्येक घरात आहेत. अख्खा देश ती ऐकत होता. आता ती ऐकणे नरकाच्या वाटेवरचे पाऊल ठरले. त्या पिढीतली ब्राबान्तची माणसे धर्मगुरूच्या घरभेटीच्या आठवणी सांगतात, त्या अशा : फादर पुढच्या खोलीत बसणार, त्यांना कॉफी आणि सिगार दिला जाणार, मग नजर टेबलावरच्या रेडिओ पत्रिकेवर जाणार, कारण प्रत्येक केंद्राची पत्रिका वेगळी आणि पत्रिकेवरून घराचा पंथ कळतो. आणि मग पाळण्याकडे : धाकटे आता केवढे झाले, पुढचे कधी? बाई ओशाळून स्वयंपाकघरात जाणार. पुढे मतदानात काय झाले ते समजायला ही पुढची खोली मला परिपत्रकाइतकीच महत्त्वाची वाटते.

1956 ची निवडणूक झाली. 1952 मध्ये मजूर पक्ष आणि केव्हीपी यांना शंभरांपैकी तीस-तीस जागा होत्या. आता केव्हीपीला तेहतीस मिळाल्या, तर मजूर पक्षाला चौतीस. म्हणजे परिपत्रकाने आपली माणसे गोळा केली हे खरे, पण ज्याच्यापासून दूर राहा म्हटले तोच पहिला आला. मजूर पक्षात राहिलेले कॅथलिक राहिलेच. ते मिस्सेलाही जात होते. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय याची चर्चा नंतर धर्मशास्त्रज्ञांनी खूप केली, पण तिचा सराव या माणसांनी आधीच सुरू केला होता.

मग बांध फुटला. 1963 मध्ये देन बॉसचे बिशप बेकर्स कॅथलिक टीव्हीवर आले आणि शांतपणे म्हणाले, की मुले किती व्हावीत हे नवरा-बायकोने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ठरवायचे आहे. गर्भनिरोधक गोळी नुकतीच बाजारात आली होती. पुढच्या खोलीतला तो प्रश्न खुद्द बिशपांनीच मागे घेतला, असेच घरोघरी वाटले. 1965 मध्ये ते परिपत्रकही मागे घेण्यात आले. केव्हीपीच्या जागा आता दीडशेच्या सभागृहात मोजायच्या : 1963 मध्ये पन्नास, 1967 मध्ये बेचाळीस, 1971 मध्ये पस्तीस, 1972 मध्ये सत्तावीस. नऊ वर्षांत जवळपास निम्मा पक्ष गेला. काही जण फुटून 1968 मध्ये रॅडिकल पक्ष काढून बसले आणि 1973 मध्ये समाजवादी पंतप्रधान देन आउल यांच्या सरकारात सामील झाले.

आणि नेमका आता गर्भपाताचा प्रश्न पुढे आला. चर्चच्या दृष्टीने हा रेडिओचा किंवा संघटनेच्या वर्गणीचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता. त्यावर कठोर बोलायचा हक्क कोणत्याही बिशपाला असावा, असे मला वाटते, मी त्याच्याशी सहमत नसलो तरी. पण भाता रिकामा होता. ज्यांनी विनोदी मालिकेवर आणि कामगार संघटनेवर ब्रह्मास्त्र सोडले, त्यांचे ऐकायला आता कोण थांबणार?

या नाट्याचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, द्रिस फान आख्त. ब्राबान्तचा कॅथलिक, नायमेखेनला फौजदारी कायद्याचा प्राध्यापक, जुनी दरबारी वाटावी अशी डच भाषा बोलणारा, सायकल शर्यतींचा वेडा. देन आउल सरकारात तो न्यायमंत्री होता. मे 1976 मध्ये त्याने हेमस्टेडेचे ब्लूमनहोव्ह हे गर्भपात केंद्र बंद पाडायचा प्रयत्न केला. स्त्रिया आत घुसल्या आणि ठाण मांडून बसल्या. त्यांनी दिवसरात्र पहारे दिले. शेवटी न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे ती फार चमत्कारिक होते. 1977 मध्ये केव्हीपी आणि दोन प्रॉटेस्टंट पक्षांनी सीडीए या नावाने एकत्र निवडणूक लढवली आणि फान आख्त उदारमतवाद्यांना सोबत घेऊन पंतप्रधान झाला. आणि नेदरलँड्सचा गर्भपात कायदा कोणी मंजूर केला? याच सरकारने. 18 डिसेंबर 1980 रोजी कनिष्ठ सभागृहात 76 विरुद्ध 74, आणि 28 एप्रिल 1981 रोजी वरिष्ठ सभागृहात 38 विरुद्ध 37. डाव्यांनी विरोधात मत दिले, कारण पाच दिवस विचार करण्याची सक्ती वगैरे अटी त्यांना जाचक वाटल्या. कडव्या प्रॉटेस्टंट पक्षांनीही विरोधात मत दिले, कारण कायदा त्यांना फार सैल वाटला.

आता एखाद्या भाविक मतदाराच्या जागी बसून पाहा. गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्याला मत देऊ नको, असे फादर सांगतात. ठीक. पण कायदा आणणारा पक्ष ख्रिस्ती, पंतप्रधान कॅथलिक. आणि त्याविरुद्ध मत देणारे समाजवादी, ज्यांना याहून मोकळा कायदा हवा. शिवाय तिथे मतदारसंघ नाहीत, मत पक्षाच्या यादीला, आणि एकट्याच्या बळावर कोणी सत्तेवर येत नाही. दिलेले मत वाटाघाटीत कुठे जाऊन पडेल, ते मतदाराच्या हाती नाही. फादरांचा आदेश पाळायचा ठरवला तरी तो कसा पाळायचा?

रोमने या गाठी सोडवण्याचा प्रयत्न केला, पण फार उशिरा. 1995 च्या ‘इव्हँगेलियम व्हिते’ या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी म्हटले, की गर्भपाताला ज्याचा पूर्ण विरोध जाहीर आहे, अशा लोकप्रतिनिधीने कायद्याची हानी कमी करणाऱ्या तरतुदीला पाठिंबा दिला तर चालेल. 1981 मध्ये हे वाक्य हाती असते, तर सीडीएच्या अनेक खासदारांची झोप उडाली नसती. 2004 मध्ये कार्डिनल रात्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट, यांनी अमेरिकन बिशपांना कळवले : उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत देणारा त्या पापात सामील होतो. पण ते पटत नसूनही इतर कारणांसाठी मत देणाऱ्याचा सहभाग दूरचा, आणि तोलामोलाची कारणे असतील तर तो क्षम्य. शिवाय गर्भपाताबद्दल बहिष्काराची शिक्षा आहे ती करणाऱ्या-करवणाऱ्याला, मतदाराला नाही.

थोडक्यात, 1956 मध्ये मजूर पक्षाला मत देणाऱ्या कॅथलिकाने मनाशी जो हिशेब केला, तोच पन्नास वर्षांनी रोमने शास्त्राच्या भाषेत लिहून दिला. तोलामोलाचे कारण कोणते, हे मात्र कोणीच ठरवून दिले नाही. ते देताही येत नाही.

आपल्याकडे तुलना करायची तर वसई आणि गोव्याकडे पाहावे. निवडणुकीआधी गोव्याच्या चर्चची निवेदने निघतात; त्यांत भर असतो तो धर्मनिरपेक्षतेवर. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले, तेव्हा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा होता. आपला गर्भपात कायदा 1971 चा, डचांच्या दहा वर्षे आधीचा. आणि तरी प्रचारात तो मुद्दा कोणी काढत नाही.

नेदरलँड्समध्ये आज पाचातला एक जेमतेम स्वतःला कॅथलिक म्हणवतो. पाच दिवसांची सक्ती 1 जानेवारी 2023 पासून गेली. उत्रेख्तचे आर्चबिशप कार्डिनल आइक स्वतः डॉक्टर; त्यांचा प्रबंध इच्छामरणावर आहे आणि ते गर्भपाताविरुद्धही स्पष्ट बोलतात. पण अमुक पक्षाला मत दिलेस तर संस्कार नाही, हे वाक्य आता ऐकू येत नाही. लिम्बुर्खमध्ये 2010 आणि 2023 साली अतिउजव्या गेर्ट विल्डर्स यांचा पक्ष पहिला आला. 1936 सारखे काही बिशपांनी केले नाही, आणि केले असते तर किती जणांना ते जाणवले असते, कोण जाणे.

फान आख्तने 2021 मध्ये सीडीए सोडली, पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून. 5 फेब्रुवारी 2024 रोजी नायमेखेनला त्याने आणि त्याच्या पत्नीने जोडीने इच्छामरण पत्करले. दोघांचेही वय 93. ब्लूमनहोव्हला टाळे ठोकू पाहणारा न्यायमंत्री हाच.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या बेल्जियममध्ये. तिथे एप्रिल 1990 मध्ये राजा बोदुआँ यांनी गर्भपात कायद्यावर सही करायला नकार दिला, आणि मंत्रिमंडळाने त्यांना थोड्या काळापुरते राज्य करण्यास असमर्थ घोषित करून स्वतःच सही केली.