पीएचडीचा गाइड नेमकं करतो काय?

सदरमध्ये कुणाच्या घरी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीनंतर पीएचडीचं नाव निघालं की अब्बांचा पहिला सवाल असतो, "अजून पाच वर्षं? मग कमाई कधी?" सवाल रास्त आहे. आम्ही त्याचं उत्तर विषाणूशास्त्रज्ञ डॉ. शाहिद जमील यांच्या कारकिर्दीत शोधलं.

जमील यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि आयआयटी कानपूर, दोन्हीकडे रसायनशास्त्र घेतलं. १९८४ मध्ये अमेरिकेत जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली. विषाणूंकडे ते त्यानंतर वळले! १९८८ मध्ये दिल्लीच्या आयसीजीईबी संस्थेत आले, तिथे विषाणूशास्त्राचा गट उभा केला आणि सुमारे २५ वर्षं काम केलं. २००० साली भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांचा मुख्य विषय हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून येणारी कावीळ. गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. हा विषाणू त्या काळी प्रयोगशाळेत नीट वाढत नव्हता. मग त्याचं एकेक जनुक पेशीत घालून, त्यातून बनणारं प्रथिन काय करतं ते बघायचं. असल्या कामात वर्षं जातातच.

हाताने प्रयोग करतो विद्यार्थी. गाइड प्रश्न ठरवायला मदत करतो, निधी आणतो, प्रयोग फसला की चूक शोधायला सोबत बसतो. म्हणूनच शोधनिबंधावर बहुधा पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाइडचं असतं. जमील यांच्या गटाच्या १९९७ च्या ओआरएफ-३ प्रथिनावरील निबंधात त्यांचं नाव शेवटीच आहे. प्रवेशाआधी एवढं बघाच: गाइडच्या निबंधांवर विद्यार्थ्यांची नावं पुढे आहेत का, आणि ती मुलं आज कुठे आहेत? त्यांना फोन लावा, लाजू नका.

आता पैशाचं. नेट-जेआरएफ निघाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या आपल्या मुलांना मौलाना आझाद फेलोशिपचा आधार होता. केंद्राने ती २०२२-२३ पासून बंद केली. हा फटका मोठा आहे, आणि त्याची भरपाई अजून जाणवत नाही.

दिल्ली लांब वाटत असेल तर वर्धा रोडवरची नीरी आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोरोना तपासायची पद्धत २०२१ मध्ये तिथल्याच डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटाने काढली. नीरीत पीएचडीची नोंदणी अकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्चमार्फत होते.